जुनी इस्त्री बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आईची इस्त्री तीस वर्षं चालली. काळी मूठ, कापडी वेष्टणाची वायर आणि उचलल्याबरोबर मनगटाला जाणवणारं वजन. ती बदलली तेव्हा पहिले दोन महिने मी नव्या इस्त्रीवर नाराज होते. हळूहळू कळलं की नवीत खोट नव्हती, मी तिला जुन्या हाताने चालवत होते. तेव्हापासून ओळखीत कुणाची इस्त्री बदलायची वेळ आली की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. उत्तरं एकदा नीट लिहून काढते आहे.

जुनी इस्त्री अजून छान तापते. मग बदलायचं कारण काय?

तापते एवढ्यावरून तिची तब्येत कळत नाही, कारण इस्त्रीतला सगळ्यात टिकाऊ भाग तापणाराच असतो. जुन्या इस्त्रीत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर नायक्रोमची पट्टी गुंडाळलेली असते. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू लालबुंद झाला तरी हवेत पटकन जळून जात नाही. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तो थर आतल्या धातूला राखतो. आल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट मिळालं, आणि घरातली तापणारी कितीतरी उपकरणं त्यावरच उभी राहिली.

म्हणजे एलिमेंट ठणठणीत राहतं आणि त्याच्याभोवतीचं बाकी सगळं म्हातारं होत जातं. वायरीतलं रबर कडक होऊन तडकतं. मुठीपाशी रोज वाकून तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटमधले, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट ठिणग्यांनी झिजतात. अर्थिंगचा स्क्रू गंजून सैल होतो. यातलं काहीही झालं तरी इस्त्री पूर्वीसारखीच तापत राहते, आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे.

काय दिसलं की लगेच वापर थांबवायचा?

तळाला किंवा धातूच्या कुठल्याही भागाला बोट लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. “थोडंसं लागतं, चप्पल घातली की नाही लागत” असं म्हणून वर्षानुवर्षं चालवलेल्या इस्त्र्या मी पाहिल्या आहेत. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर तेच थोडंसं जीव घेऊ शकतं.

प्लगला दोनच पिना असतील आणि इस्त्रीचं अंग धातूचं असेल, तर अर्थिंग नाही असं धरून चाला. मुठीपाशी वायर हलवल्यावर दिवा लागतो-विझतो, प्लग हाताला चटका बसेल इतका गरम होतो, मुठीतून जळकट वास येतो, ही सगळी थांबायची लक्षणं.

एक लक्षण मात्र सहज नजरेतून सुटतं. थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीजप्रवाह तोडते. निवल्यावर ती पुन्हा सरळ होते. अधूनमधून येणारा ‘टक्’ हा तिचाच आवाज. तो आवाज येईनासा झाला आणि इस्त्री नेहमीपेक्षा जास्त तापू लागली, तर पॉइंट एकमेकांना चिकटलेले असू शकतात. मग डायल कुठेही ठेवा, इस्त्री तापतच राहते.

दुरुस्त करून वापरली तर?

वायर आणि प्लग बदलणं हे सोपं आणि करण्याजोगं काम आहे. मात्र वायर उष्णता सोसणारी, तीन तारांची आणि इस्त्रीच्या वॉटला पुरेल इतकी जाड हवी. काम झाल्यावर, इस्त्री प्लगमधून काढलेली असताना, अर्थिंगची पिन आणि तळ यांच्यात जोड आहे ना, हे मीटर लावून बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम असतं आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

फार जुनी इस्त्री असेल तर ती स्वतः खोलू नका. त्या काळच्या काही इस्त्र्यांच्या आतल्या थरात आणि वायरीच्या वेष्टणात अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलं असे. ते खरवडलं किंवा कुस्करलं की तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. पांढरट-करडा, पुठ्ठ्यासारखा किंवा सुती वाटणारा थर दिसला तर झाकण परत लावा आणि ती इस्त्री निवृत्त करा.

थर्मोस्टॅट गेला असेल तर मी दुरुस्तीच्या मागे लागणार नाही. दुसऱ्या मॉडेलचा थर्मोस्टॅट बसवता येतो, पण डायलवरच्या खुणा आणि खरं तापमान यांचा मेळ बसेलच असं नाही. मग एखाद्या रेशमी कपड्यावर त्याची परीक्षा होते.

नव्या हलक्या इस्त्रीने पूर्वीसारखी कडक घडी पडत नाही. हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. फरक खरा आहे, आणि त्यामागचं कारण कळलं की अर्धी तक्रार आपोआप मिटते.

सुती कापड म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. कापड धुतलं, पिळलं, वाकडंतिकडं वाळलं, की हे बंध त्या वेड्यावाकड्या स्थितीतच पक्के होतात. तीच सुरकुती. ती काढायची तर बंध आधी सुटले पाहिजेत, आणि त्यासाठी पाणी आणि उष्णता दोन्ही धाग्याच्या आत शिरली पाहिजे. मग कापड सपाट दाबायचं आणि ते पाणी तिथेच उडवून टाकायचं, म्हणजे सपाट स्थितीत नवे बंध तयार होतात.

जुनी इस्त्री यातला दाब आणि उष्णता स्वतःच्या वजनातून पुरवायची. दोन-अडीच किलो लोखंड तापलं की उष्णतेचा मोठा साठा होतो. ओलसर कापडावर फिरवलं तरी तळ लगेच निवत नाही. पाण्याची बाजू आपण सांभाळायचो. हाताने पाणी शिंपडायचं, कपडा गुंडाळून थोडा वेळ ठेवायचा, मग चर्र आवाज करत इस्त्री फिरवायची. कपड्यातलं पाणी पूर्ण उडेपर्यंत इस्त्री हलायची नाही, म्हणून घडी कडक व्हायची.

नवी वाफेची इस्त्री पाण्याचं काम वाफेवर सोपवते. वाफ धाग्यात पटकन शिरते, कापड चटकन मऊ पडतं, आणि एका फेरीत सुरकुती गेलेली दिसते. आपण तिथेच थांबतो. पण कापड अजून दमट असतं. तसंच उचलून घडी घातलं की दहा मिनिटांत ते पुन्हा मरगळतं.

उपाय साधा आहे. पहिली फेरी वाफ देऊन मारा, दुसरी वाफ बंद करून, सावकाश. पँटची घडी किंवा कॉलर असेल तर ती जागेवरच निवू द्या, मग हलवा. शिवणकाम करणारे लोक वाफ दिलेल्या घडीवर लाकडाचा सपाट ठोकळा दाबून धरतात. लाकूड वाफ शोषून घेतं आणि घडी दबलेली असतानाच निवते. घरी हे एकदा करून बघा. हलक्या इस्त्रीनेही परीटघडी पडते, हे तेव्हा पटतं.

म्हणजे वजनाला आता अर्थच उरला नाही?

आहे, पण कमी. हेन्री सीली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली विजेच्या इस्त्रीचं पेटंट मिळवलं. वाफेची विजेची इस्त्री बाजारात आली १९२६ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं आणि त्यानंतरही बराच काळ, वजन हेच इस्त्रीचं मुख्य बळ होतं. आज जाड सुती, लिनन किंवा खळ घातलेले कपडे रोज करायचे असतील, तर जड तळाची साधी इस्त्री अजूनही समाधान देते. बाकी कपड्यांना दीड किलोच्या आतबाहेरची पुरते. मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर या प्रश्नावर विचार करण्यात वेळ घालवू नका, हलकीच घ्या.

किती वॉटची घ्यावी?

साध्या इस्त्रीला ७५० ते १००० वॉट भरपूर होतात. वाफेच्या इस्त्रीचं गणित निराळं आहे, आणि खोक्यावरचे आकडे तपासून पाहायचे तर ते समजून घेण्यासारखं आहे.

एक ग्रॅम पाणी साध्या तापमानापासून उकळून वाफ करायला साधारण २.६ किलोज्यूल ऊर्जा लागते. मिनिटाला ३० ग्रॅम वाफ हवी तर झाले ७८ किलोज्यूल, म्हणजे सतत १३०० वॉट. हे फक्त वाफेसाठी. तळ गरम ठेवायला आणि कापड वाळवायला वरून आणखी हवेत. म्हणून १२०० वॉटच्या इस्त्रीवर “मिनिटाला ४० ग्रॅम वाफ” लिहिलेलं असेल, तर तितकी वाफ ती सलग देऊ शकत नाही. तळात साठलेल्या उष्णतेच्या जोरावर थोडा वेळ देईल, मग तळ निवेल आणि पाणी ठिबकू लागेल. वाफ खरंच वापरायची असेल तर १८०० ते २४०० वॉट बघा. ‘स्टीम बूस्ट’चे १५०-२०० ग्रॅम हे बटण दाबल्यावरच्या क्षणिक झोताचे आकडे असतात. मिनिटभर टिकणारी ती वाफ नव्हे.

एवढे वॉट घरातल्या सॉकेटला झेपतील का?

वॉटला व्होल्टने भागा. २३० व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, २४०० वॉटची १०.४. हा आकडा सॉकेटवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा कमी असला पाहिजे. जुनी इस्त्री ज्या सॉकेटवर वर्षानुवर्षं चालली, तिथे नवी चालेलच असं गृहीत धरू नका. नव्या इस्त्रीचा प्लग त्या सॉकेटमध्ये बसत नसेल तर त्याला कारण असतं, अ‍ॅडॉप्टर लावून ते कारण चुकवू नका. एक्स्टेंशन बोर्ड टाळता आला तर उत्तम. नाइलाज असेल तर जाड वायरीचा घ्या आणि वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

साधी घ्यावी, वाफेची घ्यावी, की ते उभं स्टीमर?

आठवड्याचे कपडे डोळ्यांसमोर आणा. बहुतेक सुती आणि जाड असतील तर वाफेची. सिंथेटिक आणि मिश्र धाग्याचे चार-पाच कपडे एवढंच असेल तर साधी पुरे, सोबत पाण्याची फवारणी बाटली ठेवा. साध्या इस्त्रीत टाकी नाही, गळती नाही, क्षार नाहीत. बिघडायला जागाच कमी. मी दोन्ही वापरल्या आहेत, आणि ज्यांना टाकीची देखभाल जमणार नाही त्यांना मी आजही साधीच सुचवते.

हातात धरून फिरवायचं स्टीमर लटकवलेल्या कपड्याची मरगळ घालवतं. ते दाब देत नाही, त्यामुळे त्यातून घडी किंवा ताठ कॉलर मिळणार नाही. जुन्या इस्त्रीच्या बदल्यात एकटं स्टीमर घेतलं तर पस्तावाल. वेगळ्या मोठ्या टाकीचं स्टीम स्टेशन ढीगभर कपड्यांसाठी झकास, पण त्याला जागा लागते. बिनवायरची इस्त्री तिच्या वायर असलेल्या बैठकीवर परत ठेवून पुन्हा पुन्हा तापवावी लागते. कपडे थोडे असतील तर चालते.

तळ कोणता चांगला: नॉनस्टिक, सिरॅमिक की स्टील?

स्टील चरे सोसतं आणि गुळगुळीत चालतं. नॉनस्टिक सगळ्यात सहज सरकतं, पण चेन, हुक, धातूची बटणं यांनी त्यावर ओरखडे उठतात, आणि एकदा थर निघाला की तिथे कापड अडकतं. सिरॅमिक छान सरकतं, पण आपटलं तर टवके उडतात. काळजी घेणारा हात असेल तर तिन्ही चालतील. घरात चारजण घाईघाईत इस्त्री करत असतील तर स्टील घ्या.

त्यापेक्षा टोकाकडे जास्त लक्ष द्या. १९०५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या अर्ल रिचर्डसन यांनी बायकांना विचारून पाहिलं. इस्त्री मधोमध तापते आणि टोकाला थंड पडते, अशी त्यांची तक्रार होती. काजं, बटणांच्या मधल्या जागा आणि कॉलरचे कोपरे टोकानेच करावे लागतात. रिचर्डसन यांनी टोक नीट तापेल अशी इस्त्री बनवली आणि तिला नाव दिलं हॉटपॉइंट. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी दुकानात इस्त्री हातात घेतल्यावर आधी टोक बघावं. निमुळतं हवं, आणि बटणाच्या कडेने जाईल अशी खाच असेल तर फारच छान.

डायलवरच्या ठिपक्यांचा अर्थ काय?

एक ठिपका सुमारे ११० अंश सेल्सिअस: नायलॉन, अ‍ॅक्रिलिक. दोन ठिपके सुमारे १५०: रेशीम, लोकर, पॉलिस्टर. तीन ठिपके सुमारे २००: सुती आणि लिनन. कपड्याच्या आतल्या लेबलवरही हेच ठिपके असतात. मिश्र धाग्यात जो धागा सगळ्यात नाजूक, त्याचं तापमान पाळायचं.

जुन्या इस्त्रीवर बोट ओलं करून चर्र आवाजावरून अंदाज घेणाऱ्यांना हे कोरडं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नव्या इस्त्रीचा तळ पातळ असतो, तो झटकन तापतो आणि पहिल्या तापण्यात ठरलेल्या तापमानाच्या पुढेही जातो. म्हणून दिवा एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत नाजूक कपड्याला हात लावू नये. कपडेही कमी तापमानाकडून जास्तीकडे लावावेत, कारण तापायला एक-दोन मिनिटं लागतात आणि निवायला त्याच्या कितीतरी पट.

वाफेऐवजी पाणी का ठिबकतं?

बहुधा तळ पुरेसा तापलेला नसतो. वाफ टाकीत तयार होत नाही. टाकीतलं पाणी तापलेल्या तळातल्या पोकळीत थेंबाथेंबाने पडतं आणि तिथे त्याची वाफ होते. एका ठिपक्यावर वाफ सुरू केली तर पाणी उकळायच्या आतच भोकांतून बाहेर येतं. वाफ दोन ठिपक्यांच्या पुढेच वापरा. दिवा विझेपर्यंत थांबा. टाकी खुणेच्या वर भरू नका. बूस्टचं बटण लागोपाठ दाबलं तरी तळ निवतो आणि ठिबक सुरू होते, दोन दाबांत चार-पाच सेकंद जाऊ द्या.

टाकीत कोणतं पाणी घालायचं? पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडतात.

नव्या इस्त्रीच्या आयुष्याचा निकाल या एका प्रश्नावर लागतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. भोकं बुजतात, आणि एखाद्या दिवशी साठलेला मळ वाफेबरोबर नेमका पांढऱ्या कपड्यावर येतो.

आधी आपल्या इस्त्रीच्या माहितीपत्रकात बघा. बऱ्याच इस्त्र्या नळाच्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात. पाणी जड असेल तर नळाचं आणि क्षारविरहित पाणी निम्मं-निम्मं मिसळायला सांगितलेलं असतं. बॅटरीचं पाणी, अत्तर, सुगंधी द्रव, कपड्याचा कंडिशनर, खळ यांपैकी काहीही टाकीत घालू नका. खळ लावायची तर कपड्यावर फवारा.

काम संपलं की टाकी रिकामी करा. रोज. सेल्फ-क्लीनची सोय असेल तर दर महिन्याला वापरा. टाकी भरा, पूर्ण तापवा, प्लग काढा, मोरीवर आडवी धरून ते बटण दाबा आणि हलवत राहा. उकळतं पाणी आणि वाफ बाहेर येते, हात जपा. व्हिनेगर टाकण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर टाळा, आतल्या धातूला आणि रबरी सीलला ते मानवेलच असं नाही.

टेबलावर जाड चादर घालून इस्त्री करायची सवय आहे. तीच चालेल?

साध्या इस्त्रीला चालेल. वाफेच्या इस्त्रीला नाही, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वाफ कपड्यातून आरपार गेली पाहिजे. खाली लाकडी टेबल असेल तर ती चादरीत अडकते, तिचं पाणी होतं आणि तुम्ही ओल्या गादीवर इस्त्री करत राहता. कपडा वाळत नाही आणि टेबलाचं पॉलिशही पांढरं पडतं. जाळीदार पत्र्याचा इस्त्री बोर्ड असला की वाफ खालून निघून जाते. इस्त्रीच्या खर्चात बोर्डाचाही विचार करा. थोडी कमी वॉटची इस्त्री आणि चांगला बोर्ड हा सौदा मी कधीही पसंत करीन.

नवी इस्त्री मध्येच आपोआप बंद पडते. बिघडली का?

बहुतेक नाही. ऑटो-ऑफ असलेली इस्त्री आडवी किंवा कुशीवर पडून राहिली की साधारण ३० सेकंदांत बंद होते, उभी ठेवली तर आठेक मिनिटांत. उचलून हलवली की पुन्हा तापते. विसरभोळ्या घरासाठी आणि लहान मुलांच्या घरासाठी या सोयीला मी पहिला नंबर देईन.

पहिल्यांदा वापरताना धूर आला, पांढरे कणही पडले.

थोडा वास, किंचित धूर, काही कण हे पहिल्या एक-दोन वेळांना होतं. तळावरची पातळ फिल्म किंवा स्टिकर काढलाय ना, ते बघा. मग एखाद्या जुन्या सुती कपड्यावर पाच मिनिटं वाफ सोडा. त्यानंतरही धूर येत राहिला तर परत करा.

तळाला सिंथेटिक कापड वितळून चिकटलं तर?

प्लग काढा, तळ कोमट असताना ओल्या जाड सुती फडक्याने पुसा. निघालं नाही तर लाकडी चमचा वापरा. नॉनस्टिकवर मीठ, घासणी, सुरी बंद. साध्या स्टीलच्या तळाला थोडं मीठ कागदावर पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवण्याचा जुना उपाय चालतो.

जुन्या इस्त्रीचं काय करावं? टाकवत नाही.

टाकू नका, पण चालू स्थितीतही कपाटात ठेवू नका. नवी बिघडली की “आजच्यापुरती” म्हणून कुणीतरी तीच लावतं. अर्थिंग नसलेली किंवा वायर तडकलेली असेल तर प्लग कापून टाका. तसा कापलेला प्लगही उघड्या तारांसह मुलांच्या हाती लागू देऊ नका. द्यायचीच झाली तर ई-कचऱ्यात द्या, आतलं लोखंड आणि तांबं पुन्हा वापरात येतं.

ठेवायची असेल तर तळ स्वच्छ पुसून त्यावर तेलाचा हलका हात फिरवा, म्हणजे गंज चढणार नाही. आमची आता शिवणाच्या मशीनजवळ असते. कागदी नमुना कापडावर धरून ठेवायला तिच्याइतकं चांगलं वजन घरात दुसरं नाही.